सातवा फर्मा

“काकू, आत्म्याला नोटीस कोण बजावणार? तुम्ही, का मी?”

असं म्हणून कुंभोजकर सरांनी दोन जाड पुस्तकं माझ्या पाटावर आपटली. खळीची वाटी हिंदकळली. दोरा माझ्या दातात होता म्हणून ते वाचले. नाहीतर लॉ कॉलेजातला प्राध्यापक असो का हायकोर्टातला जज्ज, तारळकरांच्या पाटावर पुस्तक आपटायचं नाही, हे मी तिथंच ऐकवलं असतं.

“काय झालं, सर?” मी दोरा तोडला. “पुस्तकावर एवढा राग?”

“राग पुस्तकावर नाही. बसा आणि ऐका.”

बसलेलीच होते मी. त्यांनी वरचं पुस्तक उघडलं, चष्मा नाकावर नीट केला आणि वर्गात वाचावं तसं मोठ्यानं वाचायला लागले. “हे तत्त्वज्ञानाचं. पान शहाण्णव, शेवटची ओळ. ‘देह जातो, पण देहामागे जे उरते ते कोणाच्या हुकमाने चालत नाही, म्हणून आत्म्याला’... आता पान सत्त्याण्णव, पहिली ओळ. ‘सात दिवसांची लेखी नोटीस देणे बंधनकारक आहे.’”

बाकावर एका वकिलाचा कारकून बसला होता, जाधव. त्याच्या फायली शिवून व्हायच्या होत्या. त्याला हसून हसून ठसका लागला. “सर, आत्मा तारखेला गैरहजर राहिला तर एकतर्फी निकाल लावून मोकळं व्हायचं!”

मी त्याच्याकडं नुसतं बघितलं. तो पुढच्या पाच वर्षांत माझ्या दुकानात मोठ्यानं हसला नाही.

ही सत्तावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. कोर्टाच्या मागच्या बोळात आमचं बाइंडिंगचं दुकान. आमच्या मालकांनी टाकलेलं. ते गेले तेव्हा माझा दत्ता बारा वर्षांचा. भाऊबंद म्हणाले, बाईमाणसाचं हे काम नाही, पुस्तकं दाबायचा शिकंजा विकून टाक. मी शिकंजा विकला नाही, भाऊबंदांचं येणंजाणं बंद केलं. पुराच्या साली कृष्णेचं पाणी दुकानात कमरेएवढं चढलं, तेव्हा कोर्टाची रजिस्टरं मी डोक्यावरून माळ्यावर नेली. एक पान भिजलं नाही. एकतीस वर्षांत तारळकरांच्या हातून एक पान इकडचं तिकडं झालं नव्हतं. ही माझी कमाई. बाकी मी तिसरीतून शाळा सोडलेली. मी डावखुरी, मास्तर डाव्या हातावर रूळ मारायचा. हात सुजला की आई म्हणायची, जाऊ नको. एक दिवस गेलेच नाही. सुईनं मात्र कधी विचारलं नाही, डावा का उजवा.

“असं होणार नाही, सर,” मी म्हणाले. “आमच्या इथं जिना बघितल्याशिवाय शिलाई होत नाही.”

“कसला जिना?”

आता हे सांगावं लागेल. छापलेला मोठा कागद घडी घालून सोळा पानांचा होतो, त्याला फर्मा म्हणतात. असे फर्मे एकावर एक रचून शिवले की पुस्तक. प्रत्येक फर्म्याच्या घडीवर पाठीकडून एक काळी टिकली छापलेली असते, पुढच्या फर्म्याची थोडी खाली, त्याच्या पुढची आणखी खाली. सगळे रचले की पाठीवर टिकल्यांचा जिना दिसतो. पायरी चुकली की फर्मा चुकला. वाचता येत नसलं तरी चालतं. डोळे पाहिजेत. आणि माझे डोळे म्हणजे डोळे होते.

मी पुस्तकाचं वरचं कापड पाठीवरून तिथल्या तिथं उसवलं आणि सरांपुढं धरलं. “हे बघा. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. जिना सरळ आहे.”

“जिना सरळ आहे आणि आत्म्याला नोटीस आहे,” सर म्हणाले. त्यांनी दुसरं पुस्तक उघडलं. ते कायद्याचं. “आणि इथं नोटिशीच्या जागी आत्मा आहे. दोन्हींतला सातवा फर्मा अदलाबदल झालाय, काकू. दोन्ही एकाच छापखान्याची, एकाच मापाची. पानांचे आकडेही तेच. वर पुस्तकाचं नाव छापलेलं नाही. टिकल्या जुळल्या. मजकूर?”

शिकंज्यापाशी दत्ता उभा होता, तो जमिनीकडं बघायला लागला. आतल्या दारात माझी सून हेमलता खळीचं पातेलं घेऊन उभी होती. सर, जाधव, बोळातून डोकावणारा चहावाला, सगळे माझ्याकडं बघत होते. आणि माझ्या तोंडून शब्द गेला.

“हिचं काम,” मी हेमाकडं बोट केलं. “हिचं लक्ष शिलाईत नसतं. वाचत बसते. गिऱ्हाइकाचं पुस्तक वाचायचं नाही, हा आमच्या मालकांचा नियम. बी.ए. झालेली सून आणली ना, आता भोगतेय.”

हेमानं माझ्याकडं एकदा बघितलं. मग पातेलं खाली ठेवलं.

सर तिच्याकडं निरखून बघायला लागले. “तुम्ही मंगळवारी कॉलेजात आला होता ना? प्रवेशाचं विचारायला?”

मला हे माहीत नव्हतं. मंगळवारी ती म्हणाली होती, दळण आणायला जाते.

“हो, सर,” हेमा म्हणाली.

“वकिलाच्या हातून एक पान इकडचं तिकडं झालं तर माणूस तुरुंगात जातो. प्रवेशाच्या याद्या मीच बघतो. तुम्ही आधी विचार करा, हे आपल्याला झेपेल का.” मग माझ्याकडं वळून, “शनिवारी येतो. दोन्ही नीट करून ठेवा. आणि काकू, या वेळी तुमच्या स्वतःच्या हातानं करा.”

ते गेले. जाधवही गेला, फायली न घेताच.

त्या दिवशी मी सगळ्यांवर कावले. दत्ताला म्हणाले, बायको दळणाच्या नावाखाली कॉलेजात जाते आणि तुला पत्ता नाही? तो म्हणाला, “पत्ता होता, आई.” म्हणजे घरात सगळ्यांना सगळं ठाऊक, मी एकटी खुळी. चहावाल्याला म्हणाले, तुझा चहा म्हणजे खळ, खळीला तरी चव असते. मांजराला हाकललं. तरी जीव शांत होईना.

भांडण जुनंच होतं. दोन महिन्यांपूर्वी कुंभोजकर सरांनी चौदा पुस्तकं बांधायला पाठवली. बरोबर यादी, पुस्तकं मोजून घ्यायला. वर ठळक अक्षरात लिहिलेलं: शिफारस केलेले ग्रंथ, कायदा, राज्यशास्त्र, तत्त्वज्ञान. पोरं दरसाल हीच चौदा नेतात, म्हणून पाठी निखळलेल्या. हेमानं ती यादी वहीत उतरवून घेतली. त्याच संध्याकाळी भाकरी थापता थापता म्हणाली, “आई, मला लॉ करायचंय. सकाळचं कॉलेज असतं. साडेदहाला मी दुकानात हजर.” मी म्हणाले, “पुस्तकं शिवायची का वाचायची, एक काय ते ठरव.” तिची गुणपत्रिका माझ्या पेटीत होती, लग्नात तिच्या वडिलांनी दिलेली, दागिन्यांच्या बरोबर. पेटीची किल्ली माझ्या कमरेला. अर्जाची मुदत त्या शनिवारपर्यंत. ती रोज किल्लीकडं बघायची आणि मी रोज पदर किल्लीवर ओढून घ्यायचे.

दुपारी मी दोन्ही पुस्तकं उसवायला घेतली. कापड सोडवलं, पुठ्ठे काढले, पाठीवरचा सरस खरवडला, दोरे कापले. फर्मे सुटे झाले. सातवे दोन बदलायचे, झालं. पण हात पुढं जाईना. सातवा चुकला आणि जिन्यानं सांगितलं नाही, मग नववा? तेरावा? एकोणतीस फर्मे एकात, एकतीस दुसऱ्यात. एकतीस वर्षं ज्या जिन्यावर चढले, तो दुसऱ्याच्या घरात जातो हे आज कळलं होतं. आणि तपासायचं कसं? मला एक ओळ लावायला चहा गार होण्याइतका वेळ लागतो.

हाक मारण्यापेक्षा जीभ चावलेली बरी. तरी मारली.

“हेमा. ये इकडं. मागच्या फर्म्याची शेवटची ओळ वाच, पुढच्याची पहिली वाच. जुळतं का सांग. जास्त वाचू नको.”

ती समोर बसली. पदरानं हात पुसले आणि वाचायला लागली. एक ते सहा नीट जुळले. सातवा आला, कायद्याचा, आता आपल्या जागी. तिनं पहिली ओळ वाचली, “जुळलं,” म्हणाली. पण पान उलटत राहिली. मग थांबली. मग वाचलं, जरा मोठ्यानंच. “‘ज्याच्यावर आरोप आहे त्याचे म्हणणे ऐकून घेतल्याखेरीज त्याला दोषी ठरवू नये. तसेच कोणीही स्वतःच्या प्रकरणात स्वतः न्यायाधीश होऊ नये.’”

“मला टोमणे मारतेस?”

“नाही, आई. असंच छापलंय.”

“कुठं? दाखव.”

तिनं फर्मा माझ्यापुढं धरला. “पान एकशे तीन. वरून चौथी ओळ.”

मी बोट ठेवून वाचलं. दोषी. ठरवू. नये. मेल्या पुस्तकात तसंच होतं. चौदा पुस्तकांत शेकड्यांनी फर्मे, आणि नेमका हाच फर्मा माझ्या हातून दुसरीकडं जावा!

हो, माझ्याच हातून. एक गोष्ट मी अजून सांगितलेली नाही.

आमच्याकडं एका वेळी एकच पुस्तक उसवायची रीत. सरांची घाई होती म्हणून त्या आठवड्यात सोमवारी मी दोन पुस्तकं एकाच पाटावर उसवली. फर्मे मी रचले. हेमा समोर बसून घड्या दाबत होती. ती म्हणाली, “आई, ह्या दोघांचा सातवा बदललाय बहुतेक. आत्म्याचं चाललंय आणि मध्येच नोटीस येतेय.”

मी विचारलं, “तुला कसं कळलं?”

“वाचलं.”

झालं. नोटीस राहिली बाजूला. “म्हणजे वाचतेसच तू! माझ्या समोर बसून! मालकांचा नियम तुला माहीत नाही?”

“आई, रागवा नंतर. आधी फर्मा तरी बघा.”

“जिना बरोबर आहे. जिन्यापुढं मला तुझी बी.ए. सांगू नको.” आणि तिच्या हाताखालची चळत ओढून घेऊन मी दोन्ही पुस्तकं स्वतः शिवली. चरचर, रागात. शिलाई अशी सुबक झाली की काय सांगू.

हे सगळं तिला माहीत होतं. गुरुवारी सरांसमोर मी बोट केलं तेव्हाही. आणि आता समोर बसून ती पुढची ओळ वाचत होती. “जुळलं, आई. पुढचा द्या.”

सगळे साठ फर्मे तिनं वाचले. बाकीचे बरोबर होते. मग मी शिवायला बसले. कापलेले जुने दोरे केराच्या टोपलीत होते. उठून ते काढले, कागदाच्या पुडीत बांधले आणि पुडी खळीच्या डब्यामागं ठेवली. का ठेवली, ते तेव्हा मलाही नीट सांगता आलं नसतं.

शनिवारी अडीच वाजता कुंभोजकर सर आले. सातवा फर्मा उघडून बघितला, दुसऱ्यातला बघितला, मान हलवली. “आता कसं! ह्याला म्हणतात जुना हात. काकू, आमची पुस्तकं इथून पुढं तुम्हीच करायची. सूनबाईंना वह्या-बिह्या द्या शिवायला.”

हेमा कोपऱ्यात पुठ्ठे कापत होती. कात्री थांबली नाही. भिंतीवरचं घड्याळ बघत होती ती. कॉलेजची अर्जाची खिडकी चारला बंद होणार, हे दुकानात आम्हा तिघांनाही माहीत होतं.

मी म्हणाले, “सर, ते आधीचं कामही जुन्या हाताचंच.”

“म्हणजे?”

“मी रचलं. मी शिवलं. हिनं सांगितलं होतं, फर्मा चुकलाय म्हणून. मी ऐकलं नाही.”

हे शब्द बाहेर काढायला मला दोन दिवस लागले होते. आणि सरांनी काय करावं? हसले! हात जोडले! “काकू, तुमच्या मनाचा मोठेपणा आहे हा. सुनेला पाठीशी घालताय. अशी सासू मिळायला भाग्य लागतं.”

“कसला मोठेपणा? मी खरं सांगतेय.”

“कळतंय मला, कळतंय.”

“काही कळत नाही तुम्हाला! सर, मी जन्मात कुणाला पाठीशी घातलेलं नाही. विचारा ह्या दत्ताला.”

“खरंय, सर,” दत्ता म्हणाला.

“अहो, एकतीस वर्षांत चूक नाही, आणि आताच कशी होईल?” सर पुस्तकं पिशवीत घालायला लागले. “राहू द्या. मी काही मनात ठेवलेलं नाही.”

आयुष्यात एकदा चूक कबूल करावी, तर लोक हार घालायला धावतात! मी उठले. पिशवीत हात घालून कायद्याचं पुस्तक बाहेर ओढलं आणि पाटावर आपटलं. माझा पाट, मी आपटेन.

“ऐकून तर घ्या! तुमच्याच पुस्तकात आहे ना, दुसऱ्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय निकाल द्यायचा नाही म्हणून? पान एकशे तीन. वरून चौथी ओळ.”

सर थांबले. हळूच पान काढलं. वरून ओळी मोजल्या. मग माझ्याकडं बघितलं, पहिल्यांदाच नीट.

मी पुडी आणली, सोडली. “हे आधीच्या शिलाईचे दोरे. गाठ बघा. कुठल्या अंगाला वळलीय?”

“डावीकडं.”

“हेमा, ये. गाठ मार.”

तिनं सुई घेतली, सुट्या फर्म्यांवर दोन टाके घातले, गाठ मारली. उजवीकडं. दत्ताला मारायला लावली. उजवीकडं. मग मी मारली, डाव्या हातानं, सरांच्या नाकासमोर.

“ह्या दुकानात डावखुरी मी एकटी. आता आणखी साक्षीदार पाहिजे का मांजर बोलावू?”

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “पान एकशे तीन तुम्हाला कोणी दाखवलं?”

“हिनं. तुमच्या यादीतली चौदाच्या चौदा वाचलीत हिनं. खळ वाळेपर्यंत, माझी नजर चुकवून.”

सर तिच्याकडं वळले. “चौदाही?”

“तेरा, सर,” हेमा म्हणाली. “चौदाव्याचे शेवटचे तीन फर्मे आईंनी आधीच शिवून टाकले.”

सर खाली बघून हसले, पण लगेच आवरलं. “मी त्या दिवशी तुम्हाला विचारलं नाही. विचारायला हवं होतं.” मग घड्याळ बघितलं. “अर्ज?”

“भरलाय. फक्त गुणपत्रिका...” आणि तिनं माझ्या कमरेकडं बघितलं.

सगळे पुन्हा माझ्याकडं बघायला लागले. मला असलं बघणं आवडत नाही. मी आत गेले. पेटी उघडली. गुणपत्रिका तळाशी होती, तिच्या वडिलांनी प्लास्टिकच्या कागदात घालून दिलेली, कोपरेसुद्धा दुमडू नयेत म्हणून आत पुठ्ठा घातलेला. पुठ्ठा चांगल्या प्रतीचा होता. चार वर्षं मी तो कागद दागिन्यांखाली दाबून ठेवला होता आणि मला वाटत होतं, मी जपतेय.

बाहेर येऊन तो तिच्या हातात दिला. काहीतरी बोलायला हवं होतं. सगळे वाट बघत होते, सरसुद्धा. मी म्हणाले, “जाताना खळ ढवळून जा. गुठळ्या होतात.”

तिनं खळ ढवळली. मग दत्ताच्या सायकलवर मागं बसून गेली. खिडकी बंद व्हायला वीस मिनिटं होती तेव्हा पोचले म्हणे.

आता ती ॲडव्होकेट हेमलता तारळकर. कोर्ट आमच्या भिंतीपलीकडंच. जाधव म्हाताऱ्यानं शेवटची सहा वर्षं तिच्याकडंच कारकुनी केली. तिच्या फायली आमच्याच दुकानात शिवायला येतात आणि वेळेवर घेऊन जात नाही म्हणून मी ओरडते. जिना मी अजून बघते, पण शिवायच्या आधी मागच्या फर्म्याची शेवटची ओळ आणि पुढच्याची पहिली ओळ, बोट ठेवून, वाचते. दत्ता म्हणतो, आई, एका पुस्तकाला दिवस जातो. जाऊ दे. त्या नादात कधी एखादं पान सगळंच वाचून होतं. समजतं. समजलं की राग येतो, की हे एवढी वर्षं हाताखालून गेलं आणि मी नुसत्या टिकल्या मोजल्या.

पण खरी चीड त्याची नाही. त्या सोमवारी तिनं सांगितलं होतं आणि गुरुवारी मी तिच्यावर ढकललं, हे तिनं एकदाही तोंडातून काढलेलं नाही. आमची भांडणं होतात. मिठावरून होतात, नातवाच्या शाळेवरून होतात, एकदा तर पंधरा दिवस अबोला होता. दर भांडणात मी वाट बघते. आता म्हणेल, आत्ता म्हणेल, “आई, मी तुम्हाला सांगितलं होतं.” म्हणाली असती तर मीही चार शब्द ऐकवले असते आणि हिशेब मिटला असता. ती म्हणतच नाही. नुसतं बघते, त्या दिवशी पातेलं खाली ठेवताना बघितलं होतं तसं.

वकील आहे ती. कुठला मुद्दा राखून ठेवायचा, ते तिला बरोबर कळतं.